तुमचाच तर नमस्कार आहे

५ जुलै, शनिवार
समूच्या नव्या शाळेत पालकसभा. मे महिन्यात माझी बदली झाली आणि आम्ही सेलूला आलो, त्यामुळे आठवीत पोरीला शाळा नवी, मैत्रिणी नव्या, सगळंच नवं. मी ड्युटी बदलून घेऊन गेली. हॉलमध्ये पंखे फक्त पुढच्यांच्या डोक्यावर, मागे आम्ही घामाघूम.

चहा घेऊन शाळेचे शिपाई आले, तर काय, रामटेके काका. मूळचे पवनारचे, आमच्या बाबांच्या वस्तीतले. मला पाहून तोंडभर हसले. "जय भीम बाई, तू इथं कशी वं?" मी म्हटलं, "जय भीम काका, बदली झाली." माझा आवाज मोठाच, वॉर्डात हाका मारून मारून झालेला. पुढच्या बायांनी वळून पाहिलं. एकीनं माझ्याकडे पाहिलं, मग समूकडे, मग आपल्या पोरीच्या कानाला लागली. मला त्यात काही वाटलं नाही. लग्नात, मयतीत, बसमध्ये, फोनवर, जन्मभर हेच म्हणत आलो.

 परत येताना घराजवळ समू म्हणे, "भगत म्हटलं की कोणी काही विचारत नव्हतं." काय विचारत नव्हतं गं? तर म्हणे काही नाई.

आमचं भगत आडनाव सगळ्या जातींत असते. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा भाजी करपली होती.

१५ जुलै, मंगळ
सकाळी पुन्हा पोट दुखते म्हणे. ह्या आठवड्यात नवीन नाही. झोपवून दाबून पाहिलं. मऊ. ताप नाही, जीभ स्वच्छ. रोज पोटं दाबायचंच काम आहे माझं, मला कोण फसवणार. पण तोंड पाहिलं तर पोरगी नाटक करत नव्हती. ओवा दिला आणि पाठवली. दिवसभर तिचं ते तोंड डोळ्यांसमोर.

समूचे पप्पा वर्ध्याहून सात वाजता आले. "नव्या शाळेची धास्ती असते, निघून जाईल." ह्यांचं सगळं निघून जाते.

१८ जुलै
बाबांचा पवनारहून फोन. नेहमीसारखं नातीला आधी मागितलं. "जय भीम, समीक्षाबाई." ती लहान होती तेव्हापासून हेच. आई म्हणायच्या आधी "दय भीम" म्हणायला शिकली होती, बाबांच्याच मांडीवर. दोन्ही हात असे जोडायची की तोल जाऊन पडायची.

आज म्हणाली, "हां आबाजी." आणि फोन माझ्या हातात दिला.

बाबा मला म्हणाले, "पोरीले बरं नाई का?" अभ्यास आहे म्हटलं.

२० जुलै, रवि
पवनारला गेलो. बाबा ओट्यावर वाटच पाहत होते. हात जोडले, जय भीम म्हणाले. ही म्हणाली, "नमस्ते आबाजी."

 बाबा जेवताना तिच्या ताटात वाढत राहिले. निघताना मला बाजूला घेऊन, "ओरडजो नको तिले. शिकून राह्यली पोरगी." माझाच जीव जळत होता. स्टँडवर विचारलं, आबाजीले काऊन नाई म्हटलं तू? तुझी जीभ झडली असती का? मग बसमध्ये खिडकीकडे तोंड करून तिनं सांगितलं. अर्धं मला ऐकूच आलं नाही, बस तशी खडखडत होती. परत विचारायची हिंमत झाली नाही, आणि विचारावं लागलंच.

वर्गात पाय टाकला की स्वरा नावाची मुलगी म्हणते, जय भीम. नाकातून, लांब ओढून. मग मागच्या बाकावरची म्हणते. मग चार-पाच जणी मिळून. ही पाणी प्यायला गेली तरी. फळ्यावर गणित बरोबर आलं तर जास्तच, वर "ह्यांले काय, ह्यांले मार्क फुकट भेटते." ही गप्प बसली तर म्हणतात, हिच्या देवाचं नाव घेतलं तर हीच उत्तर नाई देत. उत्तर दिलं तर हसतात. डब्याच्या सुटीत ही बसली की त्या डबे उचलून हात जोडून उठतात. "जय भीम, येतो आम्ही." मग एकटी.

कवापासून? तर म्हणे पालकसभेपासून.

शिवी असती तर मी म्हटलं असतं, तू पण दे उलटून. ह्याला काय सांगू? 

२४ जुलै
वर्गशिक्षिका मॅडमना मी भेटली. "अहो, मुली आहेत, गंमत करतात. समीक्षा जरा हळवी आहे. स्वरा तर माझी हुशार मुलगी, शेतकऱ्याच्या घरची, संस्कारी." हळवी म्हणे. मी म्हटलं, मॅडम, पाच-सहा जणी रोज एकीचीच गंमत करतात का? तर रजिस्टर चाळायला लागल्या.

दुपारी वॉर्डात एका म्हाताऱ्यावर उगाच ओरडली. मग त्याला चहा आणून दिला. त्याला काय कळलं असेल.

२८ जुलै, सोम
हे लिहायचं नव्हतं. लिहिते.

हेडसरकडे गेलो, मी आणि समूचे पप्पा. माणूस बोलायला गोड. खुर्ची दिली, सगळं ऐकलं. मग म्हणाले, "सिस्टर, मला एक सांगा. जय भीम हा तुमचाच तर नमस्कार आहे. कोणी जातीवरून शिवी दिली असती तर मी इथल्या इथे शाळेतून काढलं असतं. पण तुमचाच नमस्कार तुम्हाला केला, त्याची शिक्षा मी काय देऊ? उद्या कोणी राम राम म्हटलं म्हणून तक्रार येईल."

मी म्हटलं, सर, शब्दाचं नाही. म्हणायच्या पद्धतीचं आहे.
"कोणती पद्धत? जरा म्हणून दाखवा."

मी तोंड उघडलं. आलंच नाही. खोटं नाही सांगत, नाकात आवाज काढायला गेली, तर नुसती हवा. पप्पा जमिनीकडे पाहत होते. हेडसर हसले नाहीत, पण पेनाचं टोपण लावलं, झालं म्हणून.

मग त्यांनी समूलाच बोलावलं. उभी राहिली टेबलासमोर. "बेटा, कसं म्हणतात ते दाखव, घाबरू नको."

आणि तिनं दाखवलं. मान वाकडी करून, डोळे बारीक करून, दोन्ही हात नाकाशी जोडून, लांब ओढून. हुबेहूब. मी त्या मुलींना कधी ऐकलं नाही, तरी मला कळलं की हे हुबेहूब आहे. माझ्या पोरीच्या तोंडून, माझ्यासमोर. एकदा नाही, हेडसर म्हणाले "अच्छा, अच्छा" तरी तिनं अजून एकदा म्हटलं.

दारात रामटेके काका पाण्याचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं.

हेडसर म्हणाले, बघतो, काहीतरी तोडगा काढतो.

घरी आल्यावर समू म्हणे, "मी बरोबर म्हटलं ना आई? अगदी तसंच म्हणते ती." मी म्हटलं हो बेटा, बरोबर म्हटलं. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं.

१ ऑगस्ट
तोडगा निघाला. प्रार्थनेच्या वेळी सूचना वाचली म्हणे. शाळेच्या आवारात कोणीही जय भीम म्हणू नये. सगळ्यांनी नमस्ते म्हणावं. जो म्हणेल त्याला शिक्षा, मग तो कोणीही असो. सगळ्यांना समान न्याय.

पीटीचे सर अजूनही मैदानावर राम रामच म्हणतात. त्यावर सूचना नाही. कोणी राम राम नाकातून म्हणत नाही ना, म्हणून असेल.

समू पळत घरी आली. आज कोणी काही म्हटलं नाही. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, टीव्ही पाहून हसली. महिनाभरानंतर हसली. "बरं झालं आई, बंदच झालं ते."

ते म्हणजे काय गं? पण विचारलं नाही. तिला हसू दिलं. पप्पा पण खूश. "पाहिलं, निघून गेलं की नाई?"

मला झोप नाही. माझ्या पोरीला सुख झालं आणि मला ते पाहवत नाही, असली कसली आई मी.

६ ऑगस्ट
बाजारात रामटेके काका. मी म्हटलं जय भीम काका. त्यांनी नुसती मान हलवली, आजूबाजूला पाहिलं, मग हळूच म्हटलं. आठवडी बाजार होता, शाळा नव्हती, तरी.

शाळेत त्यांना हेडसरनी बोलावून सांगितलं म्हणे. एवढी वर्षं सकाळी गेट उघडून आपल्या वस्तीतल्या पोरांना जय भीम म्हणायचे, पोरं पण म्हणत आत जायची. कोणाची तक्रार नव्हती. "आता मान डोलावतो. पोरं पण डोलावतात. नंदीबैलासारखं झालं." मग म्हणाले, "तुयावर राग नाई बाई. तुही पोरगी मी ऐकली त्या दिवशी." बोलता बोलता पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत राहिले.

८ ऑगस्ट
दवाखान्यातून येते तर दारात वंदनाताई उभी. आमच्याच गल्लीतली, अंगणवाडीत आहे. तिची पोरगी त्याच शाळेत पाचवीत. बसा म्हटलं तर बसली नाही.

"तुमच्यापायी माही पोरगी आज तासभर वर्गाबाहेर उभी राह्यली. मॅडमले जय भीम म्हटलं म्हणून. घरी तिले हेच शिकवलं, मोठ्या माणसाले हेच म्हणावं. ते का पाप हाये का आता?"

मी सांगायला गेली की मी बंदी मागितली नव्हती. "मांगितली नव्हती, पण झाली ना? ज्या पोरी चिडवत होत्या त्यायले काई नाई झालं. शब्दालेच शिक्षा झाली."

बरोबर बोलली.  समू आतून ऐकत होती. ताई गेल्यावर दार लावलं तिनं, कडी पण लावली.

१० ऑगस्ट, रवि
समूला सांगितलं, मी आणि वंदनाताई बुधवारी हेडसरकडे जाणार. बंदी मागे घ्या म्हणणार, आणि चिडवणाऱ्या पोरींना समज द्या म्हणणार.

पोरीचा चेहरा पाहायला पाहिजे होता. पांढरा पडला.

"काऊन? काऊन आई? आता कोणी म्हणत नाई मले. सगळं चांगलं चालू हाये. स्वरानं काल मले स्केल दिली."
मी म्हटलं, आपला शब्द आहे तो. आबाजीचा आहे.
"मंग आबाजीले म्हण तू. मले नको. तुले दवाखान्यात कोणी नाकातून म्हणून दाखवते का?"
नाई.
"मंग तुले काय समजते?"

पप्पा म्हणाले, नाव काढून वर्ध्याला टाकू तिला, माझ्यासोबत बसनं येईल-जाईल. मी म्हटलं, वर्ध्यात स्वरा नाही का कोणी? तिथं पण पालकसभा असेलच. तिथं मी काय म्हणू, गुड मॉर्निंग? भांडण झालं. रविवार असून मटण तसंच राहिलं.

शब्द वाचवला तर पोरगी जाते, पोरगी वाचवली तर शब्द जातो. दोन्ही माझेच.

१३ ऑगस्ट
गेलो. मी, वंदनाताई, वस्तीतल्या अजून चौघी-पाच जणी. हेडसर एवढ्या बाया पाहून उभेच राहिले. "तुम्हीच तक्रार केली, तुम्हीच मागे घेता, मी करू तरी काय?" मी म्हटलं, सर, मी पोरींची तक्रार केली होती, तुम्ही नमस्काराला घराबाहेर काढलं. वंदनाताई म्हणे, करायचं तर सगळेच नमस्कार बंद करा, राम रामपासून. ते मात्र त्यांना जमणार नव्हतं.

सूचना मागे घेतली. स्वराला आणि तिच्या आईला बोलावलं. आई साधी बाई, शेतातून तशीच आलेली, पायाला माती. घाबरलेली. म्हणे, "आमच्या घरी असं काई नाई शिकवत हो सिस्टर. माझ्या सासूला दवाखान्यात सुई तुम्हीच लावली होती. पोरीनं चांगल्या मनानंच म्हटलं असंन ते... तुमचं जे असते ते."

तुमचं जे असते ते. तोंडात येईना तिच्या. मला त्या दिवशी आलं नव्हतं, हिला आज येत नव्हतं. रागही नीट आला नाही मला तिचा.

स्वरा रडली. माफी मागितली. समूनं तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

१८ ऑगस्ट, सोम
समू गेली नाही शाळेत. पोट म्हणाली नाही, डोकं म्हणाली नाही. नुसती पलंगावर बसून राहिली, गणवेश घालून, वेणी घालून. "कोणी म्हटलं तर?" एवढंच. आता कोणी नाही म्हणणार बेटा, हेडसरनी समज दिली आहे. "चांगलं म्हटलं तरी मले समजणार नाई ना आई."

ड्युटीला उशीर झाला. तिला तशीच सोडून गेली.

२१ ऑगस्ट
चार दिवस घरीच. उद्या पोळा, परवा लेकरांचा तान्हा पोळा. सुट्ट्या आहेत म्हणून बरं. सोमवारी मी स्वतः सोडते म्हटलं. हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही.

२५ ऑगस्ट, सोम
मी घेऊन गेली. माझा हात धरला होता तिनं, आठवीतली पोरगी, गेटपर्यंत. रामटेके काकांनी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, मी पण म्हटलं. समूनं नुसती बोटं आवळली.

आतून स्वरा आली. दोन वेण्या, हात जोडलेले, खाली पाहत. आमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जय भीम काकू."

नाकातून नाही. लांब ओढून नाही. पण साधं पण नाही. थांबून, जपून, पाठ केल्यासारखं. तिच्या आईनं घरी घोकून घेतलं असेल. का हेडसरनी सांगितलं असेल? का खरंच पोरीच्या मनात आलं असेल? का मागे झाडाखाली तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या, त्यांच्यासाठी? त्या हसत होत्या, पण पोरी तशाही हसतात.

उत्तर द्यावंच लागते. मी दिलं. "जय भीम बेटा." समू माझा हात सोडून आत निघून गेली. पाहत राहिली मी, वर्गाच्या दारात ती थांबली, मग गेली.

संध्याकाळी म्हणे, "तिनं खरं म्हटलं का आई?"
माहीत नाही म्हटलं.
"तू तर मोठी हाये." आणि अभ्यासाला बसली. उद्या जाणार का विचारलं तर वही उघडून मान खाली.

२९ ऑगस्ट
ह्या आठवड्यात दोन दिवस गेली, दोन दिवस नाही. आज गेली. उद्याचं माहीत नाही. मी गेटपर्यंत सोडते आणि स्वरा रोज म्हणते. रोज तसंच, जपून. मी रोज उत्तर देते आणि रोज तिच्या तोंडाकडे पाहते. पोरगी बिचारी बावरते माझ्या पाहण्यानं. खरं म्हणत असेल तर मी तिचा छळ करून राहिली. नसेल तर तिनं जिंकलं.

आत्ता बाबांचा फोन आला होता. समूनं घेतला नाही, मी घेतला. बाबा म्हणाले, "जय भीम माय." चाळीस वर्षं ऐकते आहे तो आवाज, त्यानंच मला शिकवलं. आणि मी लगेच उत्तर दिलं नाही. गप्प राहून ऐकत राहिली, कसं म्हटलं ते.

बाबा तिकडून म्हणत होते, आवाज येऊन राह्यला का माय, आवाज येऊन राह्यला का.